उस्तादांची पेशकश

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. माझ्या आईच्या जिवाची शपथ. (आई इथे इराणात, केरमानमध्येच असते, वय ब्याऐंशी, रोज सकाळी शेजारणींशी भांडते, म्हणजे शपथेत काही खोट नाही.) त्या मंगळवारी आमच्या घरी हॉलंडचे सात इंजिनिअर चहाला आले होते. सात म्हणजे, तीन. बरं, एकच होता. पण तो इतका उंच होता की दाराच्या चौकटीतून हप्त्याहप्त्याने आत आला, त्यामुळे मोजताना माझी गफलत झाली असेल. बाकी सगळं खरं.

सुरुवात झाली आमच्या ऑफिसात. मी पाण्याच्या खात्यात कारकून आहे. आमच्या वाळवंटात जमिनीखालून मैलोन् मैल पाणी आणणारे जुने बोगदे आहेत, ते बघायला हा इंजिनिअर आला होता. नाव योप. आमचे साहेब, मोहंदिस (म्हणजे आमच्याकडचे इंजिनिअर) सलाजगे, यांना परदेशी माणूस दिसला की खुर्चीतून अर्धं उठायची सवय आहे. त्यांनी सगळ्यांना जमवून विचारलं, "पाहुण्यांना एखाद्या सुसंस्कृत घरी चहाला न्यायचंय. कोण नेतंय?"

आमच्याकडे अशा प्रश्नाला कोणी 'मी' म्हणत नाही. शोभत नाही ते. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "छे छे, साहेब, मी कुठला सुसंस्कृत!"

"असं कसं, फरामर्जखान? तुमच्याशिवाय आहे कोण?"

"लाजवू नका, साहेब. आमचं घर म्हणजे खुराडं."

"त्या खुराड्याला पाहुण्यांचे पाय लागू द्या."

"मी अगदीच अडाणी माणूस, साहेब!"

झालं. तीनदा नाही म्हटलं, म्हणजे माणूस तयार आहे. साहेबांनी माझं नाव लिहून टाकलं. (पलीकडच्या टेबलावरच्या बाई एकदाच म्हणाल्या, "मला जमणार नाही." त्या सुटल्या. पण त्या तेहरानच्या.)

खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. कारण माझे सासरे. त्यांना आम्ही आगाजान म्हणतो. आयुष्यभर शाळेत सुलेखन शिकवून निवृत्त झालेला माणूस. लग्नाची बोलणी करायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक पाटी माझ्यासमोर धरली. मी ती हातात घेऊन दहा मिनिटं "वा! वा!" केलं. पाटी उलटी होती. त्या दिवसापासून आज एकोणीस वर्षं आगाजान सगळ्यांना सांगतात, "जावई चांगला आहे हो. फक्त सुसंस्कृत नाही."

परदेशी लोकांबद्दलही त्यांचं मत पक्कं आहे. "त्यांच्याकडे यंत्रं आहेत, संस्कार नाहीत. अरे, 'बसा' म्हटलं की लगेच बसतात!"

तेव्हा मी ठरवलं, एक अख्खा परदेशी माणूस घरी आणायचा, त्याचा असा पाहुणचार करायचा की त्याची कीर्ती आगाजानच्या कानावर गेली पाहिजे. आगाजान त्या वेळी मशहदला यात्रेला गेले होते. शुक्रवारी परतणार होते. आणि जाताना आपला जीव आमच्या घरी ठेवून गेले होते.

जीव म्हणजे त्यांचा कॅनरी. पिवळाधमक पक्षी, डोक्यावर एकच काळं पीस, जणू लिहिताना शाई सांडलीय. त्याचं नाव उस्ताद. आगाजान त्याला 'अहो' म्हणतात. मला 'अरे' म्हणतात. जाताना त्यांनी पिंजऱ्यासमोर वाकून निरोप घेतला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना काही झालं, तर मशहदहून मी परत येणारच नाही. आणि आलो तर फक्त तुझ्यासाठी येईन."

सलाजगे साहेबांनी मला दोन टाइप केलेले कागद दिले होते. परदेशी पाहुण्यांशी कसं वागावं, त्याच्या सूचना. पहिला कागद मी पाठ केला. पगार विचारू नये. लग्न का केलं नाही, हे विचारू नये. नको म्हटल्यावर ताटात वाढू नये. दुसरा कागद वाचायचा राहिला, कारण त्याच दिवशी उस्तादांच्या पिंजऱ्याचा तळ बदलायचा होता आणि घरात दुसरा धड कागद नव्हता.

मंगळवारी पाच वाजता चहा ठरला होता. पाच म्हणजे आमच्याकडे साडेसहा. पाचला घंटा वाजली. मी पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात दार उघडलं. समोर योपसाहेब, हातात ट्यूलिपचे कांदे आणि खिशात वही. या वहीत तो आमच्या रीतीभाती टिपून घेत असे. फारसी तो वर्ग लावून शिकला होता. बोलायचा सावकाश, प्रत्येक शब्द खाली ठेवून मग पुढचा उचलायचा.

माझी बायको माहलका हिने कोलंपे केले होते. खजूर भरलेली आमच्या गावची बिस्किटं. योपसाहेबाने एक खाल्ला आणि तो म्हणाला, "पोट भरलं. आता नको."

माहलका माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बघ, किती संस्कारी! लगेच नाही म्हणतो." आणि तिने त्याच्या बशीत आणखी चार ठेवले. (पहिल्या कागदातली तिसरी सूचना मी तिला सांगितली होती. ती म्हणाली, हा कागद एखाद्या उपाशी माणसाने लिहिलाय.) त्याने वहीत पाहिलं, सुस्कारा सोडला आणि चारही खाल्ले. असे त्याने अकरा खाल्ले. पुढे कळलं, त्याच्या वहीत लिहिलं होतं : 'इराणी यजमानाला नाही म्हणणं हा अपमान.'

तेवढ्यात उस्ताद गायला लागले. योपसाहेब उठून पिंजऱ्याजवळ गेला. त्याचे डोळे पाणावले. (अकराव्या कोलंप्यानेही असेल.) म्हणाला, "फार सुंदर. इतका सुंदर पक्षी मी कधी पाहिला नाही."

आता तुम्हीच सांगा. पाहुण्याने घरातली एखादी वस्तू सुंदर म्हटली, तर सुसंस्कृत माणूस काय म्हणतो? माझ्या बापाने, आज्याने, पणज्याने जे म्हटलं तेच माझ्या तोंडून निघालं, "पेशकश! आपलाच आहे. घेऊन जा."

यावर समोरच्याने म्हणायचं असतं, "छे छे, आपल्याकडेच शोभतो." मग आपण पुन्हा म्हणायचं, त्याने पुन्हा नाही म्हणायचं, की दोघांची मनं भरतात आणि वस्तू जागेवर राहते. हजार वर्षं हे असंच चाललंय. आमच्या गावात अशी घरंच्या घरं दान झालीत आणि एक वीट हललेली नाही.

योपसाहेब म्हणाला, "खरंच?"

"खरंच म्हणजे काय! हे घरसुद्धा आपलंच!"

"घर नको. पक्षी नक्की देताय?"

"माझ्या जिवाची शपथ!"

"मग मी आभारी आहे," तो म्हणाला आणि त्याने पिंजरा उचलला.

मला म्हणायचं होतं 'थांबा', पण जिभेला कोण आवरणार? ती एकोणीस वर्षांचा अपमान धुवायला निघाली होती. मी दाण्यांची पिशवी दिली. पिंजऱ्यावरचं कापड दिलं. टॅक्सीपर्यंत पिंजरा मी स्वतः वाहून नेला आणि ड्रायव्हरला बजावलं, "हळू चालवा, उस्तादांना हादरे सोसत नाहीत." टॅक्सी वळली, तरी मी छातीवर हात ठेवून वाकून उभाच होतो.

वर आलो. माहलका पिंजरा टांगायच्या रिकाम्या आकड्याकडे बघत होती.

"फरामर्जखान," ती म्हणाली, "आपण काय केलंत?"

एरवी ती मला फरामर्ज म्हणते आणि अरेतुरे करते. तिच्या तोंडी खान आणि आपण आले की घरात आदर नाही, वादळ आलेलं असतं.

"मी शिष्टाचार केला!"

"आणि त्याने काय केलं?"

"त्याने पक्षी नेला."

सात वाजता फोन वाजला. मशहदहून आगाजान. हे आम्ही विसरलोच होतो. रोज सातला फोन, माझी चौकशी नाही, मुलीची नाही, थेट हुकूम, "उस्तादांजवळ धर."

मी माहलकाकडे पाहिलं. माहलकाने माझ्याकडे पाहिलं. मग मी फोनपासून दोन हात लांब उभा राहिलो, ओठांचा चंबू केला आणि गायलो. आधी जरा बारीक सूर, मग तान, मग मधूनच दाणे फोडल्याचा आवाज, तो मी पिस्त्याने काढला. माझ्या अंगात ही कला आहे हे मला पन्नाशीत कळलं.

 मग आगाजानचा चिंतेचा आवाज, "त्यांचा घसा बसलाय. उद्या उकडलेलं अंडं द्या."

अंडं मी खाल्लं. बुधवारी आगाजान म्हणाले, "आता बरंय. पण गाण्यात भाव नाही. मन उदास दिसतंय त्यांचं." उदास नसणार तर काय? शुक्रवार दोन दिवसांवर आला होता!

माहलका म्हणाली, "यात अवघड काय आहे? त्या माणसाकडे जा आणि म्हण, पक्षी परत द्या."

बोलणं सोपं आहे. पण मी केरमानचा माणूस. जन्मात एक सरळ वाक्य माझ्या तोंडून गेलेलं नाही. तहान लागली तर मी म्हणतो, आज हवा फार कोरडी आहे, नाही? तिने मला आरशासमोर उभं केलं.

"म्हण."

"आपल्या चरणांची धूळ या गरिबाच्या—"

"धूळ नको! चरण नको! पक्षी!"

"आपली सावली सदैव आमच्यावर राहो, आणि त्या सावलीत जर एखादा पक्षी—"

"तीन शब्द आहेत, फरामर्ज! पक्षी. परत. द्या."

"द्या म्हणू? एकदम?"

गुरुवारी दुपारी मी त्याच्या हॉटेलात गेलो. जिन्यावर प्रत्येक पायरीला घोकत गेलो, पक्षी परत द्या, पक्षी परत द्या. खोलीचं दार त्याने उघडलं. टेबलावर उस्ताद. समोर अंड्याचा बलक, स्वच्छ पाणी, पिंजऱ्याचा तळ धुऊन लख्ख. आणि योपसाहेबाचा चेहरा मात्र उतरलेला. त्याने मला बघितलं, छातीवर हात ठेवला, वाकला आणि म्हणाला, "फरामर्जखान, मी या पक्ष्याच्या योग्यतेचा नाही. आपण तो परत न्या, अशी माझी विनंती आहे."

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या क्षणी छतातून प्रकाश पडला. परमेश्वराने माझं ऐकलं होतं! मला फक्त 'आभार' म्हणायचं होतं. एक शब्द.

पण किती सुंदर म्हणाला होता तो! हात योग्य जागी, मान योग्य तेवढी झुकलेली. इतक्या सुरेख वाक्याला उत्तर न देणं म्हणजे रानटीपणा. माझा हात आपोआप छातीवर गेला आणि मी म्हणालो, "छे छे! आपल्याकडेच शोभतो."

"नाही, खरंच, आपण न्या."

"माझ्या डोळ्यांची शपथ, तो आपलाच!"

"कृपा करून."

"अशक्य! मला लाजवू नका!"

तो थांबला. त्याने वही काढली, पान उलटलं, बोटाने एक ओळ शोधली आणि खिन्नपणे मान हलवली. "तीन नकार," तो म्हणाला. "म्हणजे खरा नकार. ठीक आहे." आणि त्याने पिंजरा पुन्हा टेबलावर ठेवला.

जिना उतरताना मी भिंतीवर दोनदा डोकं आपटलं. (हॉटेलच्या माणसाने विचारलं, काही हवंय का? मी म्हणालो, नाही नाही, आपण त्रास घेऊ नका.)

शुक्रवारी आगाजान संध्याकाळऐवजी चारलाच उगवले. एका हातात खडीसाखर, दुसऱ्या हातात केशर. दारातूनच विचारलं, "उस्ताद?"

"आराम करतायत," मी म्हणालो. आकड्याला मी दिव्याची शेड टांगली होती आणि तिच्यावर चादर टाकली होती. आगाजान आवाज न करता तिच्यासमोर बसले, मांडीवर हात ठेवून, उस्ताद उठायची वाट बघत. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मधूनच मी स्वयंपाकघरातून एक बारीकशी शीळ घातली. आगाजान म्हणाले, "आवाज स्वयंपाकघरातून कसा येतो?"

"भिंतीवर आदळून येतो, आगाजान," माहलका म्हणाली.

आगाजान चादरीकडे हात नेणार, तेवढ्यात पाचचा ठोका पडला आणि घंटा वाजली. जगात एकच माणूस पाचला पाच वाजता येतो. योपसाहेब दारात उभा, शनिवारच्या विमानाआधी निरोप घ्यायला. आणि हातात पिंजरा.

आगाजानने पिंजऱ्याकडे पाहिलं. मग चादरीकडे. चादर ओढली. दिव्याच्या शेडकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला माझं सगळं आयुष्य दिसलं. त्यात बघण्यासारखं फारसं काही नव्हतं.

पण पाहुणा तो पाहुणा. आगाजान दात आवळून म्हणाले, "बसा."

योपसाहेब बसला नाही. छातीवर हात ठेवून म्हणाला, "आपण उभे असताना मी कसा बसू?"

आगाजानच्या भुवया वर गेल्या. "बसा, घर आपलंच आहे."

"वडीलधारे आधी."

"माझ्या जिवाची शपथ, बसा!"

मग तो बसला. अगदी कडेला, अर्धाच. मशहदहून आणलेलं पुण्य दारातच फळलं, असा आगाजानचा चेहरा झाला.

आता आला तो क्षण. मी पुढे झालो. आरशासमोरचे तास, जिन्यावरचं घोकणं, एकोणीस वर्षांची ती पाटी, सगळं घशात आलं. मी योपसाहेबाच्या डोळ्यांत बघून, खणखणीत आवाजात, एकही चरण आणि एकही धूळ न लावता म्हणालो, "योपसाहेब, हा पक्षी माझ्या सासऱ्यांचा आहे. मी शिष्टाचार म्हणून दिला होता. तो आम्हाला परत हवा आहे."

समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. आमच्या गल्लीत इतकं सरळ वाक्य कोणी बोललं नव्हतं.

"अर्थातच," योपसाहेब म्हणाला आणि आनंदाने पिंजरा पुढे केला. "मला माहीत होतं. तळाशी एक कागद होता, तो मी शब्दकोश घेऊन वाचला. उस्तादांनी त्यावर बरंच काही लिहून ठेवलंय, पण एक ओळ नीट दिसते." त्याने खिशातून धुतलेला, सुकवलेला, घडी केलेला कागद काढला. साहेबांनी दिलेला दुसरा कागद! वाचला, "'हॉलंडचा पाहुणा बोललेलं खरं धरतो. जे द्यायचं नसेल, ते देऊ करू नये.' म्हणून काल मी परत देत होतो. पण त्यांनी तीनदा नाही म्हटलं. मला त्यांचा अपमान करायचा नव्हता. आज चौथ्यांदा विचारायला आलो. चौथ्यांदाचं वहीत काही लिहिलेलं नाही."

आगाजानने पिंजरा छातीशी धरला. उस्तादांनी मान तिरकी केली, आगाजानना ओळखलं आणि असे गायले, असे गायले की भाव म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. (माझ्यात तो नव्हताच. आगाजानचा कान पक्का.)

"घसा सुटलाय," आगाजान गहिवरून म्हणाले. "अंडं दिलं?"

"रोज बलक. पांढरं नाही," योपसाहेब म्हणाला. "आणि मी त्यांना 'अहो' म्हणतो. कारण उस्ताद आहेत."

आगाजान उठले. चालत पुढे आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी या घरात येतोय, आणि आज इथे एक खरा सुसंस्कृत माणूस पाहिला!"

माहलका रडली. मी रडलो. सोमवारी सलाजगे साहेबांनी मला परदेशी पाहुण्यांचा मुख्य अधिकारी नेमलं. (म्हणजे, विमानतळावर नावाची पाटी धरून उभं राहायचं काम दिलं. ती मी आता सुलटी धरतो.) ट्यूलिपचे कांदे कुंडीत लावलेत. दोन उगवलेही. कोणी सुंदर म्हटलं की मी घट्ट तोंड मिटून घेतो.

तर अशी ही गोष्ट. अक्षर न् अक्षर खरी.

फक्त एक. ते सरळ वाक्य. पक्षी परत हवा, वगैरे. ते माहलका म्हणाली. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होतो, आगाजानची ती नजर पडताच सटकलेला, फ्रिजच्या मागे, पुढची शीळ घालावी की नको या विचारात. वाक्य संपलं, कबुतरं उडाली, तेव्हा मी चहाचं तबक घेऊन बाहेर आलो आणि नेमका आगाजान आणि योपसाहेबाच्या मधे उभा राहिलो.

म्हणजे बघा, आगाजानचा हात खरा. माझा खांदाही खरा. आगाजानचं ते वाक्यसुद्धा शब्दन् शब्द खरं. त्यांना मला फक्त वाटेतून बाजूला सारायचं होतं; आणि बघत होते ते माझ्या खांद्यावरून पलीकडे.